महामार्गाने तोडलेली वस्ती जोडायची कशी: मोजणीपासून ताब्यापर्यंत

कठड्याची एक सळई वाकवलेली असते. रोज शेकडो हात लागून तिचा रंग उडालेला असतो, लोखंड गुळगुळीत झालेलं असतं. पुढे दुभाजकाला टेकवून कुणीतरी सिमेंटचा अर्धा ब्लॉक ठेवलेला असतो, पायरी म्हणून. महामार्गाने दोन तुकडे केलेल्या कुठल्याही वस्तीत अशी एक जागा असतेच. घरं अलीकडे, शाळा पलीकडे. बाजार अलीकडे, बसथांबा पलीकडे.

तिथे सुरक्षित वाट मिळावी म्हणून लोक मनापासून धडपडतात, पण क्रम चुकतो. आधी निवेदन, मग फोटो, मग रास्ता रोको, आणि कुणी विचारलेच तर शेवटी आकडे. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. फाइल पडून राहते, नाहीतर पूल होतो पण भलत्या जागी, आणि माणसं त्या वाकवलेल्या सळईतूनच जात राहतात. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण एकदा पूल झाला की त्या पट्ट्यात दुसरा मंजूर करायला कुणी तयार होत नाही.

खालचा क्रम पुण्याच्या कात्रज–देहूरोड बाह्यवळणासारख्या रस्त्यांसाठी लिहिला आहे. बांधला तेव्हा तो गावाबाहेर होता. आज तो वारजे, बावधन, बाणेर, वाकड, ताथवडे अशा भरवस्तीतून जातो. तुमचा महामार्ग दुसऱ्या शहरातला असला तरी क्रम हाच ठेवा.

## 1. काय तुटलं ते आधी नकाशावर काढा

पाच-सहा जण बसा. त्यात शाळेत मुलं सोडणारी एक आई, एक ज्येष्ठ, घरकामाला पलीकडे जाणारी एक मावशी आणि एक रिक्षावाला असू द्या. फक्त सोसायट्यांचे अध्यक्ष जमले तर नकाशा गाडीवाल्यांचा होतो.

मोठ्या कागदावर महामार्ग आखा आणि दोन्ही बाजूंची रोजची ठिकाणं मांडा: शाळा, दवाखाना, रेशन दुकान, भाजीबाजार, बसथांबा, स्मशानभूमी, देऊळ, मशीद, कंपनीचं गेट. मग प्रत्येकाला त्याची रोजची वाट काढायला सांगा. रेघा महामार्गावर जिथे एकवटतात, ती तुमची जागा.

यानंतर जुना गाव नकाशा काढा. तो भूमिअभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात तुटक रेषांनी दाखवलेले गाडीरस्ते आणि पायवाटा असतात. आज लोक जिथून उड्या मारतात, तिथे नकाशावर जुनी वाट सापडणं अगदी नेहमीचं आहे. ती सापडली तर मागणीला वेगळं वजन येतं: तुम्ही नवी सोय मागत नसता, तोडलेली वाट परत मागत असता. महापालिकेचा विकास आराखडाही बघा. त्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर येऊन थांबलेले रस्ते दिसले, तर जोडरस्ता नियोजनातच आहे असं म्हणता येतं.

तपासा: नाल्यावरच्या मोऱ्या नकाशावर घेतल्या का? उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी लोक मोरीतूनच पलीकडे जातात. ही माहिती पाचव्या टप्प्यात लागेल.

## 2. रस्ता कुणाचा, ते लेखी मिळवा

इथे महिनेच्या महिने वाया जातात. महापालिकेत अर्ज द्यायचा, तीन महिन्यांनी उत्तर येतं की रस्ता आमचा नाही. राष्ट्रीय महामार्ग असला तरी तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असेल, नाहीतर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. राज्य महामार्ग असेल तर बांधकाम विभाग किंवा रस्ते विकास महामंडळ. मालकी बदलतेही: मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग 2022 मध्ये एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे गेले. शिवाय मुख्य रस्ता एकाचा आणि सेवा रस्ता दुसऱ्याचा, असंही असतं. तेव्हा दोन्ही वेगवेगळे विचारा.

माहिती अधिकारात अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयासाठी केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे, राज्यासाठी वेगळं. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांचा असावा लागतो. केंद्रात मर्यादा 500 शब्दांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कलम 6(3) नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे.

"पूल का बांधला नाही?" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. हे मागा:

- आपल्या जागेचं साखळी अंतर, म्हणजे महामार्गाच्या आरंभापासूनचे किलोमीटर आणि मीटर
- महामार्गाच्या ताब्यातल्या जागेची रुंदी, हद्दीच्या नकाशासह
- त्या पट्ट्यात मंजूर झालेल्या पुलांची आणि भुयारी मार्गांची यादी, झालेली आणि राहिलेली
- देखभालीचं कंत्राट कुणाकडे आणि कधीपर्यंत

सावध: इथून पुढे प्रत्येक कागदावर जागेचं नाव आणि साखळी अंतर दोन्ही लिहा. "अमुक हॉटेलसमोर" एवढंच लिहिलं तर हॉटेल बंद पडतं आणि जागा हरवते.

## 3. मोजणी

मागणीचा कणा हाच. म्हणून इथे घाई नको.

दिवस निवडा. कामाचे दोन दिवस आणि आठवडी बाजाराचा एक. शाळेला सुट्टी, सण, परीक्षा, मुसळधार पाऊस टाळा. आमच्या भागात पहिली मोजणी आम्ही रविवारी केली, कारण माणसं मोकळी होती. शाळा बंद, कंपन्या बंद. त्या तक्त्याला काही अर्थच राहिला नाही आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

वेळ निवडा. सकाळी 6 ते 10, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी साडेचार ते रात्री साडेदहा. दुपारची वेळ बरेच जण गाळतात आणि शाळेची दुसरी पाळी निसटते. रात्रीची वेळ तर सगळेच गाळतात. पण दुसऱ्या पाळीहून सुटलेला कामगार आणि हॉटेलातून परतणारी बाई त्याच वेळी रस्ता ओलांडतात, आणि अंधारात ओलांडतात.

माणसं उभी करा. एका जागी दोघे, दोन तासांनी पाळी बदल. जागेच्या दोन्ही बाजूंना 50-50 मीटरपर्यंत जो कोणी ओलांडेल तो मोजा. 15 मिनिटांची एक ओळ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वेगवेगळे रकाने असू द्या: लहान मुलं, ज्येष्ठ, ओझं घेतलेले, कडेवर मूल असलेले, सायकल किंवा हातगाडीवाले, बाकीचे. मोजणारे कठड्याच्या आत, रस्त्यापासून दूर उभे राहतील. शाळकरी मुलांना या कामाला लावू नका.

वाहनं व्हिडिओवरून मोजा. उंच गच्चीवरून मोबाइलने दोन्ही दिशांचं चित्रण घ्या आणि नंतर सावकाश मोजा. डोळ्यांनी उभ्या-उभ्या मोजलेले आकडे चुकतात, आणि इथे चूक महागात पडते. का, ते पुढे सांगतो.

### हिशेब

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे आयआरसी:103 मध्ये, एक जुना निकष आहे. गर्दीच्या तासात ओलांडणारे पादचारी गुणिले त्याच तासातली वाहनं, गुणिले पुन्हा वाहनं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार 20 कोटींच्या वर गेला की नियंत्रित क्रॉसिंगची, म्हणजे गाड्या थांबवून माणसांना वाट देण्याची, गरज सिद्ध होते. दुभाजक नसेल तर 10 कोटी पुरतात. वाहनांचा वेग ताशी 65 किलोमीटरच्या वर असणं आणि वर्षाला पाच किंवा जास्त पादचारी जखमी होणं, हे वेगळे निकषही तिथे आहेत.

समजा तासाला 60 माणसं ओलांडतात आणि 1,500 वाहनं जातात. गुणाकार साडेतेरा कोटी. वाहनं 2,000 असतील तर तोच गुणाकार 24 कोटी. माणसं तेवढीच, पण निकाल उलटा, कारण वाहनांचा वर्ग होतो. म्हणून वाहनांची मोजणी काटेकोर हवी. गर्दीचा तास म्हणजे घड्याळातला तास नव्हे. 15 मिनिटांच्या सलग चार ओळींची बेरीज जिथे सर्वांत मोठी येते तो.

हा निकष नियंत्रित क्रॉसिंगचा आहे, पुलाचा नाही, हे अर्जात प्रामाणिकपणे लिहा. पुढचा युक्तिवाद वेगाचा. तीन लेन म्हणजे साधारण साडेदहा मीटर. सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या माणसाला त्या ओलांडायला जवळजवळ 9 सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्यात सुमारे 200 मीटर कापते. म्हणजे पाऊल टाकण्याच्या क्षणी 200 मीटरपर्यंतच्या तिन्ही लेन रिकाम्या हव्यात. गुडघे दुखणाऱ्या आजींना 13 सेकंद लागले तर जवळजवळ 290 मीटर. तुमच्या जागी वळण किंवा चढ असेल आणि तेवढं दिसतच नसेल, तर तिथे उभं राहून फोटो काढा. दहा पानी निवेदनापेक्षा तो एक फोटो जास्त काम करतो.

जे ओलांडत नाहीत, त्यांनाही मोजा. मोजणीत जीव मुठीत धरून ओलांडणारेच दिसतात. ज्यांनी जाणंच सोडलं ते दिसत नाहीत. शाळेकडून फक्त आकडा मागा: पलीकडच्या वस्तीतली किती मुलं पटावर आहेत, किती रिक्षाने वळसा घालून येतात. घरोघर विचारा: महामार्ग नसता तर कुठे चालत गेला असता? देवळात जाणं बंद केलेली म्हातारी माणसं, शाळा बदललेल्या मुली, पलीकडच्या दवाखान्याऐवजी लांबचा निवडलेली कुटुंबं. मला तरी हाच आकडा सर्वांत जास्त छळतो, आणि तो कुठल्याही सरकारी मोजणीत नसतो.

## 4. अपघातांचे कागद

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात लागोपाठ तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर तो पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. तसा ठरला की दुरुस्तीसाठी निधी आणि प्राधान्य मिळण्याचा मार्ग खुला होतो.

मात्र जागा कागदावर विखुरलेली असते. एका फिर्यादीत "पंपाजवळ", दुसऱ्यात "पुलाच्या अलीकडे", तिसऱ्यात नुसतंच "महामार्गावर". हद्दही दोन पोलीस ठाण्यांत वाटलेली असते. दोन्ही ठाण्यांकडून माहिती अधिकारात तीन वर्षांची यादी घ्या: तारीख, वेळ, जागा, पादचारी होता का, मृत्यू की दुखापत. नावं मागू नका, लागत नाहीत. मग वस्तीतल्या जाणत्या माणसांना आणि जवळच्या दुकानदारांना घेऊन प्रत्येक अपघात साखळी अंतरावर बसवा. 500 मीटरची खिडकी पुढे-मागे सरकवून बघा. सोयीच्या किलोमीटर दगडापासून मोजायला सुरुवात केली की एकाच जागेचे अपघात दोन पट्ट्यांत विभागले जातात.

जखमी माणूस नंतर रुग्णालयात दगावला असेल तर यादीत तो "गंभीर जखमी" म्हणूनच राहिला आहे का, तेही पाहा. अपघातानंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूत धरतात.

सावध: गेलेल्या माणसाचं नाव किंवा फोटो त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय फलकावर लावू नका.

## 5. काय मागायचं ते जागा बघून ठरवा

"आम्हाला उड्डाणपूल पाहिजे" हे वाक्य मी असंख्य निवेदनांत वाचलं आहे. उड्डाणपूल म्हणजे काय, पादचारी पूल म्हणजे काय आणि भुयारी मार्ग कुठे बसतो, हे न ठरवता मागितलं की पुढचा निर्णय दुसऱ्याच्या सोयीने होतो.

पहिला प्रश्न एकच: महामार्ग जमिनीपेक्षा वर आहे, खाली आहे की बरोबरीने?

भरावावर असेल तर भुयारी मार्गच मागा. तुम्ही जमिनीवरूनच सरळ आत शिराल, पायऱ्या लागणार नाहीत. चालू महामार्गाखाली तयार काँक्रीटची पेटी जॅकने ढकलून बसवण्याची पद्धत आहे. तिला बॉक्स पुशिंग म्हणतात. त्यामुळे "वाहतूक बंद ठेवावी लागेल" हे कारण मान्य करू नका.

खोदणीत असेल तर वरून पूल मागा. दोन्ही काठ आधीच उंच असल्याने तो जवळजवळ सपाट जातो.

बरोबरीने असेल तर खरी कठीण निवड आहे, आणि इथेच घोटाळा होतो. महामार्गावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते, त्यात पुलाची जाडी मिळवा, म्हणजे साधारण साडेसहा मीटर चढायचं. 15 सेंटीमीटरच्या 43 पायऱ्या वर, 43 खाली. रॅम्प करायचा तर 1:12 च्या हिशेबाने एका बाजूला 78 मीटर, विसाव्याचे टप्पे वेगळे. पादचारी भुयार मात्र तीन मीटर उंचीचं पुरतं, म्हणजे वरचा थर धरून चारेक मीटर उतरायचं. उतरणं कमी, पण पाणी, अंधार आणि भीती जास्त. मी बहुतेक वेळा रुंद, आरपार दिसणाऱ्या भुयाराच्या बाजूने असतो. पण पावसाळ्यात तुंबणारी सखल जागा असेल तर पूल आणि लिफ्ट. लिफ्ट मागायची तर ती चालवणार कोण आणि वीजबिल भरणार कोण, हे लेखी घेऊनच मागा. दिव्यांग हक्क कायदा 2016 नुसार सुगम प्रवेश हा हक्क आहे. तो अर्जात लिहा, म्हणजे नुसत्या पायऱ्यांचा आराखडा येणार नाही.

भुयार नुसतं असून भागत नाही, याचं उदाहरण नाशिकच्या द्वारका चौकात आहे. तिथला पादचारी भुयारी मार्ग बांधून झाला, पण लोक वरूनच रस्ता ओलांडत राहिले आणि भुयार वापराविना पडून राहिलं. तुमच्या मागणीत हे ठामपणे लिहा: तोंडापाशी उभं राहिल्यावर दुसरं टोक दिसलं पाहिजे, आत काटकोनी वळण नको, दोन्ही तोंडांशी माणसांची ये-जा असलेली जागा हवी.

महामार्ग आता शहरातला रस्ता झाला असेल, म्हणजे जड वाहतूक नव्या बाह्यवळणाने जात असेल, तर पूल मागूच नका. वेगमर्यादा, सिग्नल, अरुंद लेन आणि जमिनीवरचं क्रॉसिंग मागा. माणसाला 43 पायऱ्या चढवण्यापेक्षा गाडीला अर्धा मिनिट थांबवणं न्याय्य आहे.

आता मोरीचं. लोक वापरतात ती मोरी रुंद करून कडेला उंच पदपथ मागता येतो, आणि ते सर्वांत स्वस्तात होतं. पण पाण्याचा मार्ग कमी होता कामा नये. आधीच्या पावसाळ्यात मोरीत पाणी कुठवर चढलं होतं, त्या खुणेचा फोटो जोडा. पदपथ त्या खुणेच्या वर.

तपासा: पूल किंवा भुयार सेवा रस्त्याच्याही पलीकडे जाऊन उतरतं का? फक्त मुख्य रस्ता ओलांडून माणूस सेवा रस्त्याच्या कडेला सोडला, तर तिथे उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींसमोर तो उभा असतो. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

तपासा: आजच्या तुटलेल्या कठड्यापासून नव्या तोंडापर्यंत चालत जा. जाऊन-येऊन दोन-तीनशे मीटरचा वळसा पडत असेल तर जागा चुकली. लोक वळसा घालणार नाहीत.

## 6. संयुक्त पाहणी, मग अर्ज

पाहणी आधी. अर्ज आधी गेला तर अधिकारी टेबलावर बसून उत्तर देतो.

रस्त्याच्या मालक कार्यालयाचा अभियंता, देखभाल कंत्राटदाराचा माणूस, महापालिकेचा पथ विभाग आणि वाहतूक पोलीस या चौघांना एकाच वेळी बोलवा. वेळ सकाळी शाळा भरण्याची मागा. दुपारी तीनची पाहणी मान्य करू नका. गर्दी जमवू नका, सात-आठ माणसं पुरेत. साहेबांना त्या वाकवलेल्या सळईपाशी उभं करा आणि पंधरा मिनिटं गप्प राहा. नंतर मोजणीचा तक्ता हातात द्या. त्याच दिवशी इतिवृत्त लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. "नंतर पाठवतो" म्हटलेलं इतिवृत्त येत नाही.

अर्ज सहा पानांचा करा: एक पान मागणी, एक नकाशा, एक मोजणी, एक अपघात, एक फोटो, एक इतिवृत्त. तो रस्त्याच्या मालकाकडे जातो. प्रती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि खासदारांच्या रस्ता सुरक्षा समितीला. समितीची पुढची बैठक कधी ते विचारा आणि विषयपत्रिकेत आपला विषय चढवून घ्या. बैठकीनंतर दिलेला अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो.

सोबत महापालिकेचा ठराव हवा: तोंडापाशी जागा देणं, दिवे, झाडलोट आणि पाणी उपसण्याच्या पंपाची जबाबदारी. तो नसेल तर महामार्गाकडून "देखभाल कोण करणार" हा प्रश्न येतो आणि तिथेच फाइल थांबते. रस्ता टोल कंत्राटात असेल तर नवं बांधकाम म्हणजे कंत्राटाच्या कार्यकक्षेत बदल. त्याची मंजुरी वरून येते, म्हणून प्रस्ताव वर गेल्याचा जावक क्रमांक मिळवा. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेआधी तांत्रिक मंजुरी तरी होईल असं बघा.

1033 हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. अपघात, बंद दिवे, तुटलेला कठडा यासाठी तो वापरा आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक वहीत ठेवा. ती वहीसुद्धा पुरावाच आहे.

सावध: दुभाजक फोडणं किंवा महामार्ग अडवणं यावर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 8ब खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पोरांना पुढे करून रास्ता रोको करू नका. खटल्याच्या तारखा त्यांच्या नोकरीच्या वयात येतात.

## 7. आराखडा गोठण्याआधी बघा

मंजुरी मिळाली की लोक पेढे वाटतात आणि लक्ष काढून घेतात. नेमका तेव्हाच आराखडा तयार होत असतो. सर्वसाधारण आराखड्याची प्रत मागा आणि घरून शाळेपर्यंतची वाट त्यावर बोटाने चालून बघा.

पुण्याच्या चांदणी चौकात जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि नव्या बहुस्तरीय रचनेचं लोकार्पण ऑगस्ट 2023 मध्ये झालं. गाड्यांसाठी मार्गिकांचं जाळं झालं, पण चालत पलीकडे जाणाऱ्यांची सोय अपुरी राहिली आणि पादचारी पुलाची मागणी नंतर करावी लागली. रॅम्प जितके जास्त, तितकी पायी जाणाऱ्याची वाट हरवण्याची शक्यता जास्त.

बघायच्या गोष्टी: पदपथ सलग आहे का, बसथांबा तोंडाजवळ आणला आहे का, पाण्याचा निचरा कुठे सोडला आहे, दिवे आतही आहेत का, जवळची पाण्याची वाहिनी आणि वीजवाहिनी हलवण्याचा खर्च धरला आहे का. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण काम वर्षभर अडतं ते तिथेच.

जमीन घ्यावी लागणार असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ ची अधिसूचना निघते. हरकतीसाठी 21 दिवस असतात, त्यानंतर दार बंद. वस्तीतल्या दोघांवर वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघण्याची जबाबदारी द्या.

## 8. काम चालू असताना

जुनी वाट पत्रे लावून बंद होते आणि नवी अजून झालेली नसते. या काळात धोका सर्वांत जास्त. तात्पुरती वाट, दिवे आणि शाळेच्या वेळेला वॉर्डन, ही मागणी काम सुरू होण्याआधी लेखी द्या. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला जागेवर जा आणि एकाच ठिकाणाहून फोटो काढा. काम थांबलं की बारा फोटोंत ते आपोआप दिसतं.

## 9. ताबा आणि त्यानंतर

उद्घाटनाची घाई असते, तरी त्याआधी या चार चाचण्या करून घ्या.

पाण्याचा टँकर आणून भुयाराच्या तोंडाशी ओता आणि पाणी किती वेळात उपसलं जातं ते बघा. रात्री दहाला एका बाईसोबत आणि एका चाकाच्या खुर्चीसोबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. त्या दोघांना जिथे अडखळायला होतं ती यादी करा. दिव्यांचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा. झाडलोटीचा माणूस आणि त्याची वेळ भिंतीवर रंगवून घ्या.

जुना कठडा नवी वाट खुली झाल्यावरच बंद करायचा, आधी नाही. आणि बंद करताना सळई सरळ करून भागत नाही, तो पूर्ण भाग बदलायचा.

सहा महिन्यांनी त्याच तक्त्यावर, त्याच वेळांना पुन्हा मोजा. अजूनही कोणी जुन्याच जागेवरून उडी मारत असेल तर त्याला अडवू नका, रागावू नका. त्याच्यासोबत त्याच्या घरापासून चालत या. नव्या तोंडापर्यंत त्याला किती पावलं जास्त पडतात, वाटेत कुत्री, चिखल की बंद फाटक, ते लिहून घ्या आणि पुढचा अर्ज त्याच पानावरून सुरू करा.